महागडा पीसी आणि अडखळणारं विमान

फ्लाइट सिम्युलेटरसाठी नवा पीसी बांधायचाय असं कुणी नुसतं बोलून दाखवलं, की सल्ले सुरू होतात. सोळा कोअर घे. हायपरथ्रेडिंग बंद कर. दोन ग्राफिक्स कार्डं जोड. लिक्विड कूलिंगशिवाय तर नाहीच. सल्ला देणारी माणसं अडाणी नसतात. त्यांचे काही सल्ले जुने झालेले असतात आणि काही दुसऱ्या खेळांकडून उसने आणलेले असतात, इतकंच.

जुन्यांचा उगम बहुतेक वेळा एकच. मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ ऑक्टोबर २००६ मध्ये आला. हा ३२ बिटचा प्रोग्राम, त्यामुळे पीसीत कितीही रॅम असली तरी त्याला ४ जीबीच्या पलीकडे हात घालता येत नसे. चार तास उडून आलेलं विमान ऐन उतरताना ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून बंद पडायचं. तो बांधला गेला तेव्हा घरोघरी एक-दोन कोअरचे प्रोसेसर होते आणि कोअरचा वेग असाच वाढत जाणार अशी सगळ्यांची अटकळ होती. तो बनवणारा एसेस स्टुडिओ जानेवारी २००९ मध्ये बंद झाला, पण लोक पुढे दहा-बारा वर्षं त्यावरच उडत राहिले. कॉन्फिग फाइल उघडून ‘अफिनिटी मास्क’ बदलायचा, ‘बफर पूल्स’ची ओळ टाकायची, प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा हे सगळं त्या काळात खरोखर उपयोगी पडत होतं. नंतर लॉकहीड मार्टिनचा ‘प्रीपार३डी’ २०१७ मध्ये ६४ बिटचा झाला, १८ ऑगस्ट २०२० ला मायक्रोसॉफ्टचा नवा सिम्युलेटर आला, १९ नोव्हेंबर २०२४ ला त्याची पुढची आवृत्ती. ‘एक्स-प्लेन’ही बाराव्या आवृत्तीवर पोचला. प्रोग्राम बदलले, पण सल्ले मागे राहिले.

‘कोअर जास्त, तर फ्रेम जास्त’

पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

पडद्यावर दिसणारी प्रत्येक फ्रेम तयार होण्याआधी प्रोसेसरला पुष्कळ कामं उरकावी लागतात. पंखांवरचा हवेचा जोर, इंजिनाची स्थिती, ऑटोपायलटचं म्हणणं, आजूबाजूची विमानं, हवामान, खालच्या इमारती, कॉकपिटमधले डिस्प्ले. यातली काही कामं वेगवेगळ्या कोअरवर वाटता येतात. पण बरीचशी एकमेकांवर अवलंबून असतात आणि ती एका मुख्य धाग्यावर, म्हणजे मेन थ्रेडवर, रांगेनेच होतात. ती पूर्ण झाली की मगच ग्राफिक्स कार्डाच्या हाती चित्र काढायचं काम जातं. आचारी एकच असेल तर वाढपी चाळीस ठेवून पंगत लवकर उठत नाही, तसा हा प्रकार आहे.

आकड्यांत पाहू. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० हव्या असतील तर ३३.३. मुख्य धाग्याचं काम २५ मिलिसेकंदांत होत असेल तर सेकंदाला ४० फ्रेमच निघणार. तिथे ग्राफिक्स कार्ड कितीही दांडगं लावा, ते आपलं काम संपवून स्वस्थ बसून राहणार. जीन आमडालने १९६७ मध्ये मांडलेला नियम हेच सांगतो. समजा एकूण कामापैकी ६० टक्के काम रांगेनेच व्हायला हवं. मग कोअर शंभर असोत की हजार, वेग १.६७ पटीच्या वर जाऊच शकत नाही.

म्हणजे एकेका कोअरचा वेग महत्त्वाचा. पण हल्ली त्याहूनही जास्त फरक पडतो तो कॅशने. सिम्युलेटरला लागणारी माहिती मेमरीत विखुरलेली असते आणि ती सतत लागते. ती प्रोसेसरच्या पोटातल्या एल-थ्री कॅशमध्ये सापडली तर रॅमपर्यंतची लांबची फेरी वाचते. एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी बाजारात आणला, त्यात कॅशचा जादा थर चिपवर रचून ती ९६ एमबी केली होती, आणि सिम्युलेटरवाल्यांची गणितं एका दिवसात बदलली. त्यानंतर ७८००एक्स३डी आला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ९८००एक्स३डी. तिघेही आठ कोअरचे.

‘मग त्याच घराण्यातला सोळा कोअरचा घेतला तर दुप्पट बरं’ हा पुढचा गैरसमज. ७९५०एक्स३डी किंवा ९९५०एक्स३डी यांच्यात आठ-आठ कोअरचे दोन गट असतात आणि जादा कॅश त्यांतल्या एकाच गटावर असते. सिम्युलेटर त्याच गटावर चालावा म्हणून एएमडीचा ड्रायव्हर विंडोजच्या गेम बारकडून ‘खेळ सुरू झालाय’ हे समजून घेतो आणि दुसरा गट झोपवतो. म्हणजे उडताना तुम्ही आठ कोअरच वापरता, पैसे मात्र सोळांचे मोजलेले असतात. व्हिडिओ एडिटिंग करत असाल, उडता उडता थेट प्रक्षेपण करत असाल, किंवा फेनिक्सच्या ए३२० सारखं स्वतःची वेगळी प्रक्रिया चालवणारं विमान आणि शिवाय चार-पाच जोडप्रोग्राम एकाच वेळी वापरत असाल, तर जादा कोअर कामी येतात. निव्वळ उडायचं असेल तर त्या पैशांची चांगली रडर पेडल घ्या.

इंटेलचं काय? ऑक्टोबर २०२४ मधले कोअर अल्ट्रा २०० मालिकेचे प्रोसेसर इतर कामांत चांगले आहेत, पण खेळांत ९८००एक्स३डीच्या मागे पडतात. तेराव्या-चौदाव्या पिढीचा वरच्या श्रेणीतला प्रोसेसर कुणी स्वस्तात देत असेल तर आधी मदरबोर्डचं बायोस नवं आहे का ते पाहा. जादा व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर अस्थिर होत होते आणि इंटेलला २०२४ मध्ये त्यासाठी नवा मायक्रोकोड काढावा लागला. आधीच खराब झालेली चिप त्याने बरी होत नाही.

‘अडखळतंय? ग्राफिक्स कार्ड बदल’

बदलण्याआधी दोन मिनिटांची चाचणी करा. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड सुरू केला की फ्रेम दाखवणारी चौकट मिळते. तिच्यात स्पष्ट लिहिलेलं असतं, सध्या ‘मेन थ्रेड’ अडवतोय की ‘जीपीयू’. ती चौकट नको असेल तर रेंडर स्केलिंग १०० वरून ५० वर आणा. चित्र धूसर होईल. त्याने फ्रेम वाढल्या तर अडचण कार्डाची होती. वाढल्या नाहीत तर प्रोसेसरची.

गंमत म्हणजे एकाच पीसीवर, एकाच संध्याकाळी दोन्ही उत्तरं मिळू शकतात. पावसाळी ढगांच्या थरांतून छोटं सेसना घेऊन कोकण किनाऱ्यावर ४के पडद्यावर उडा, कार्ड घामाघूम होईल, कारण ते ढग त्रिमितीत रंगवायचं काम त्याचं. आता एअरबस घेऊन वाशी-घाटकोपरवरून मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे या. खाली इमारतींची दाटी, विमानतळावर उभी आणि फिरणारी विमानं, कॉकपिटमध्ये सहा डिस्प्ले. इथे मुख्य धागा दमतो आणि कार्ड निवांत असतं. ‘माझं विमान आकाशात छान चालतं, उतरताना अडखळतं’ ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, तिचं कारण हेच. तिथे लाखाचं नवं कार्ड काही करणार नाही. ट्रॅफिक कमी करा आणि ‘टेरेन लेव्हल ऑफ डिटेल’ची पट्टी ४०० वर असेल तर १५० वर आणा. लांबच्या डोंगरांचा आणि इमारतींचा थोडा तपशील जाईल, पण विमान सरळ उतरेल.

कार्ड किती मोठं हवं हे पडदा ठरवतो. १०८०पी म्हणजे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, ४के म्हणजे ८२.९ लाख. ४केचे तीन मॉनिटर लावले तर प्रत्येक फ्रेमला जवळजवळ अडीच कोटी पिक्सेल रंगवावे लागतात. व्हीआर हेडसेटमध्ये दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं. मेटा क्वेस्ट ३ मध्ये प्रत्येक डोळ्याला २०६४ बाय २२०८. म्हणून आधी पडदा ठरवावा आणि मग कार्ड. लोक नेमकं उलट करतात आणि मग आरटीएक्स ५०९० ला १०८०पी मॉनिटर जोडून बसतात. हे मी पाहिलेलं आहे, आणि मालक खूशही होता.

१४४०पी किंवा एका ४के पडद्यासाठी १६ जीबी मेमरीची कार्डं, म्हणजे आरटीएक्स ५०७० टीआय, ५०८० किंवा एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी, यांतलं खिशाला झेपेल ते घ्यावं. ५०९० च्या ३२ जीबीचं सार्थक तीन पडद्यांना किंवा जास्त रिझोल्यूशनच्या व्हीआरला होतं. कार्डाची मेमरी मात्र कमी पडू देऊ नका. ती भरली की माहिती रॅममधून ये-जा करू लागते आणि विमान अचानक गचके खातं. दहा किंवा आठ जीबीचं जुनं ताकदवान कार्ड ४के वर नेमकं इथे हरतं.

दोन कार्डं जोडण्याचा विषय संपलेला आहे. एनव्हिडियाने एसएलआयसाठी नवे ड्रायव्हर प्रोफाइल काढणं २०२१ पासून थांबवलं आणि आरटीएक्स ४० मालिकेत कार्डं जोडायची सोयच ठेवली नाही.

जुनं व्हीआर हेडसेट स्वस्तात मिळतंय म्हणून घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एचपी रिव्हर्ब जी२ सारखी हेडसेट विंडोज मिक्स्ड रिअॅलिटीवर चालत होती आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून मायक्रोसॉफ्टने तो आधारच काढून टाकला. सेकंडहँड बाजारात ती पडत्या भावात का मिळतात, याचं उत्तर तिथे आहे.

‘साठ फ्रेम नसतील तर काय उपयोग’

बंदुकीच्या खेळांत असेल. प्रवासी विमान नव्वद अंशांत गिरकी घेत नाही. सलग, एकसारख्या ४० फ्रेम डोळ्याला ६० आणि २५ च्या मध्ये हेलकावणाऱ्या फ्रेमपेक्षा कितीतरी सुखद वाटतात. १२० हर्ट्झच्या मॉनिटरवर ४० ला कुलूप लावलं तर प्रत्येक फ्रेम बरोबर तीन वेळा दिसते, आणि व्हेरिएबल रिफ्रेश असलेल्या मॉनिटरवर तेवढाही हिशोब करावा लागत नाही. खालची मर्यादा मात्र खरी आहे. फ्रेम वीसच्या खाली गेल्या तर ‘एक्स-प्लेन’ उड्डाणाचं गणित बिघडू नये म्हणून चक्क सिम्युलेटरमधला काळच मंद करतो. तुमचं मनगटी घड्याळ पुढे जातं, विमान मागे राहतं.

फ्रेम जनरेशनबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतात फसवणूक, दुसरे म्हणतात जादू. कार्ड दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये अंदाजाने एक फ्रेम घालतं, आणि त्या फ्रेमसाठी मुख्य धाग्याला काहीच करावं लागत नाही. म्हणून ज्या सिम्युलेटरला प्रोसेसर अडवतो तिथे हा उपाय खरोखर शोभतो. पण मुळातल्या फ्रेम तीसच्या आसपास तरी हव्यात, योकला मिळणारा प्रतिसाद त्याने जलद होत नाही, आणि कॉकपिटच्या डिस्प्लेवरचे पळते आकडे कधी कधी शेपट्या सोडतात. उंची वाचताना ते खटकतं. मी स्वतः मोठ्या विमानतळांवर ते सुरू ठेवतो आणि रात्रीच्या उड्डाणात बंद करतो.

रॅम, एसएसडी, इंटरनेट

मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या सिम्युलेटरची अधिकृत यादी किमान १६, शिफारस ३२ आणि आदर्श ६४ जीबी रॅम सांगते. ६४ घेतल्याने फ्रेम वाढत नाहीत, जागा वाढते. एक विमान, एक-दोन विकतचे विमानतळ इतकाच पसारा असेल तर ३२ पुरते. २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरांच्या मागणीने रॅमचे भाव भडकले, त्यामुळे हा प्रश्न पूर्वीपेक्षा महागात पडणारा आहे. ६४ घ्यायचीच असेल तर ३२ च्या दोन स्टिक घ्या, १६ च्या चार नकोत. चार स्टिक लावल्यावर रायझन ९००० साठी एएमडीची अधिकृत हमी ५६०० वरून ३६०० वर घसरते. आणि ६००० ची म्हणून आणलेली रॅम बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी सुरू केल्याशिवाय बहुधा ४८०० वरच चालत राहते. दुकानदाराने ते केलं असेल असं गृहीत धरू नका.

पाचव्या पिढीची एसएसडी कागदावर सेकंदाला १४,००० एमबी वाचते, चौथ्या पिढीची ७,०००. उडताना दोघींत फरक दिसत नाही, सिम्युलेटर उघडताना थोडासा दिसेल. दोन टीबीची चौथ्या पिढीची घ्या आणि पुढे चला.

इंटरनेटचं मात्र उलट आहे, तिकडे कुणी बघतच नाही. २०२४ च्या आवृत्तीला डिस्कवर ५० जीबीच जागा लागते, कारण जमीन, विमानं, विमानतळ असं बरंचसं उडताना ओढून आणलं जातं. त्यासाठी शिफारस ५० एमबीपीएसची आणि आदर्श १०० ची. प्रदर्शनाच्या दिवशी सर्व्हर कोलमडले तेव्हा जगातल्या सगळ्यात महागड्या पीसीवालेही लोडिंगच्या पट्टीकडे बघत बसले होते. खालची इमारत मेणासारखी वितळलेली दिसत असेल तर सेटिंग चाळण्याआधी वायफाय सोडून लॅन केबल लावून बघा. ज्यांच्या गावात ब्रॉडबँड बेभरवशाचा आहे त्यांनी ‘एक्स-प्लेन’चा विचार जरूर करावा. त्याचा भूगोल तुमच्याच डिस्कवर असतो.

‘लिक्विड कूलर आणि गोल्ड एसएमपीएस, मग चिंता नाही’

९८००एक्स३डी पूर्ण ताकदीने चालला तरी १६२ वॅटपर्यंत जातो आणि उडताना त्याहून बराच कमी घेतो. दोन पंख्यांचा चांगला एअर कूलर त्याला पुरतो. लिक्विड कूलर दिसायला छान असतो हे मान्य. पण दोघांपैकी कुणीही प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. नागपुरात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात खोलीतच ३८ अंश असतील तर पाणीही ३८ च्या वरच राहणार. उष्णता नाहीशी होत नाही, खोलीत येते. ५०९० चे ५७५ वॅट आणि प्रोसेसरचे शंभर-सव्वाशे धरले तर सातशे वॅट झाले. एक टनाचा एसी सुमारे साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा एकटा पीसी खातो. आधी कॅबिनेट भिंतीपासून दूर घ्या आणि त्याच्या जाळ्यांवरची धूळ काढा. हे फुकट आहे.

एसएमपीएसवरचं गोल्ड किंवा प्लॅटिनम हे फक्त कार्यक्षमता सांगतं, म्हणजे प्लगमधून घेतलेल्या विजेपैकी किती पुढे पोचते ते. आतले भाग किती टिकाऊ, ताकद किती, याबद्दल तो शिक्का काही बोलत नाही. एनव्हिडिया ५०८० साठी ८५० आणि ५०९० साठी १००० वॅटचा एसएमपीएस सांगते, त्यात कसर करू नये. एटीएक्स ३.१ चा घेतला तर कार्डाचे क्षणिक झटके तो सोसतो आणि सोळा पिनची केबल सोबत येते. ती केबल कट्ट आवाज होईपर्यंत आत बसवा आणि प्लगच्या तोंडाशीच वाकवू नका. अर्धवट बसलेले कनेक्टर वितळल्याच्या घटना ४०९० पासून घडलेल्या आहेत.

यूपीएसवर १००० लिहिलेलं असतं ते व्हीए. वॅट विचारा, बहुधा ६०० निघतील. त्यावर ५०९० चा पीसी चालवला तर वीज जाताक्षणी पीसीही जाईल, विमानासकट. शिवाय स्वस्त यूपीएस पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात आणि अॅक्टिव्ह पीएफसी असलेल्या एसएमपीएसना ती काही वेळा मानवत नाही. प्युअर साइन वेव्हचा घ्या, आणि अर्थिंग तपासून घ्या.

‘योक-पेडल नंतर बघू’

हेच शेवटी उरतं आणि मग कीबोर्डवर विमान उतरवायची पाळी येते. हातात आणि पायात काय आहे यावर उडण्याचा अनुभव जितका बदलतो तितका कुठल्याही प्रोसेसरने बदलत नाही. एअरबस आवडत असेल तर साइडस्टिक, सेसना आणि बोइंग आवडत असतील तर योक. हनीकोम्बचा अल्फा योक खऱ्या विमानासारखा दोन्ही बाजूंना नव्वद-नव्वद अंश फिरतो. स्वस्त स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतात, ते घासून झिजतात आणि विमान आपोआप एका बाजूला कलायला लागतं. हॉल इफेक्टचे सेन्सर चुंबकावर चालतात, त्यांत घासायला काही नसतं. योक, थ्रॉटल, पेडल, पॅनेल एवढं सगळं जोडायचं तर स्वतःची वीज असलेला यूएसबी हब लागतो, आणि विंडोजचं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावं लागतं. नाहीतर लांबच्या उड्डाणात तासभर न हललेली पेडल ऐन उतरताना झोपलेली सापडतात.

मान वळवली की कॉकपिट वळावं यासाठी महागडं काही घ्यायची गरज नाही. ‘ओपनट्रॅक’ हा मोफत प्रोग्राम साध्या वेबकॅमवरही चालतो.

आणि पायलट व्हायचं असणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी एक खुलासा. या पीसीवर कितीही तास उडवलं तरी ते लायसन्सच्या तासांत धरले जात नाहीत. त्यासाठी डीजीसीएने मान्यता दिलेलं सिम्युलेटर आणि प्रशिक्षक लागतात. चेकलिस्टची सवय, उपकरणं वाचणं, रेडिओवरची भाषा हे घरी जरूर होतं, आणि त्याला आठ कोअरचा प्रोसेसर, १४४०पी पडदा आणि बरी पेडल पुरून उरतात.